नेरूळ: करारावर ‘पेइंग गेस्ट’ लिहिलंय, पण मालक इथे राहतच नाहीत. डिपॉझिट परत मिळेल का? आणि हे नियम कितपत चालतात?

उदगीरची_लेक

नमस्कार. मी मूळची उदगीरची. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुलैपासून नेरूळ पूर्वेला एका सोसायटीतल्या टू बीएचकेमध्ये कॉट घेऊन राहते. आम्ही सहा जणी आहोत, दोघी हॉलमध्ये आणि आतल्या खोल्यांत दोघी-दोघी. कॉटचे महिन्याला ८,५०० आणि डिपॉझिट २०,०००. हे वीस हजार बाबांनी ऐन पेरणीच्या तोंडावर काढून दिले होते, त्यामुळे ते सोडून द्यायची माझी अजिबात तयारी नाही.

मालक पनवेलला राहतात. त्यांना मी एकदाच पाहिलंय. सगळा कारभार केअरटेकर बघतो. सही घेतली तो कागद ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर आहे, दोन पानी, वर ठळक अक्षरात ‘पेइंग गेस्ट करारनामा’. नोंदणी वगैरे काही नाही. मूळ कागद त्याच्याकडे, माझ्याकडे फक्त मोबाइलवर काढलेला फोटो.

फ्रिजवर लॅमिनेट केलेला नियमांचा कागद चिकटवलाय. नियमच नकोत असं मी म्हणत नाही. सहा जणींत दोन बाथरूम म्हटल्यावर गिझरचे नंबर लावावेच लागतात, आणि रात्री अकरानंतर फोन स्पीकरवर नको हे मलाही पटतं. पण साडेनऊला दाराला आतून कडी. उशीर झाला तर ५०० रुपये दंड. कुणाची आई आली तरी मुक्कामाचे एका रात्रीचे ४०० रुपये. आणि शेवटचा नियम, ‘व्यवस्थापन कधीही खोली तपासू शकते’. त्या ‘कधीही’चा अर्थ आम्हाला एका रविवारी सकाळी सात वाजता कळला. केअरटेकर स्वतःच्या चावीने दार उघडून दोन अनोळखी माणसांना रिकामी कॉट दाखवायला आत आला. हॉलमधल्या दोघी झोपलेल्या होत्या. एकजण बाथरूममधून बाहेर पडत होती, ती तशीच परत आत गेली आणि ते लोक जाईपर्यंत वीस मिनिटं ओल्या केसांनी आत उभी राहिली.

आता मुख्य गोष्ट. डिसेंबरमध्ये दोघींचं भाडं पाच तारखेला गेलं नाही. त्यातली एक परभणीची आहे, तिचे स्वाधार योजनेचे (बाहेर राहून शिकणाऱ्यांना मिळणारी सरकारी मदत) पैसे जमा झाले नव्हते. आठ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास केअरटेकरने तळमजल्यावरच्या मीटर रूममधून आमच्या घराचा फ्यूज काढला आणि खिशात घालून निघून गेला. चौघींचं भाडं वेळेवर गेलं होतं, तरी अंधार सगळ्यांनाच.

या परभणीच्या मैत्रिणीला लहानपणापासून मधुमेह आहे. तिचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात एका स्टीलच्या डब्यात असतं, डब्यावर तिचं नाव लिहिलेली पट्टी आहे. आम्ही चार वाजता कॉलेजातून आलो तर फ्रिजखाली पाणी साचलेलं. तिने डबा उघडला आणि एकेक पेन गालाला लावून बघायला लागली, अजून गार आहे का. चार-पाच तासांनी इन्सुलिन लगेच वाया जात नाही हे तिला माहीत होतं. वीज कधी येणार हे मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी डबा त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवून घेतला. आम्ही वर्गणी काढून दोघींचं भाडं भरलं, तेव्हा रात्री साडेनऊला फ्यूज परत बसला.

दुसऱ्याच आठवड्यात मला कॉलेजच्या हॉस्टेलवर जागा मिळाल्याचं कळलं. १२ डिसेंबरला व्हॉट्सॲपवर लिहून एक महिन्याची नोटीस दिली. उत्तर आलं: ‘११ महिन्यांचा लॉक-इन आहे, डिपॉझिट जप्त.’ माझ्या हातातल्या फोटोत लॉक-इनचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येणार नाही असं, वाक्य मला दिसत नाही. तो म्हणतो, दुसऱ्या पानाच्या मागे आहे. मागच्या बाजूचा फोटो मी काढलेला नाही.

पेइंग गेस्ट असले म्हणजे मला काहीच हक्क नाहीत, असं तो सारखं ऐकवतो. हे खरं आहे का? बाबांना सांगितलं तर ते म्हणतील, भांडू नको, निघून ये. म्हणून आधी इथे विचारतेय.

ऐरोलीची_मावशी

बाळा, मी स्वतः दोन मुली ठेवते म्हणून लिहिते. माझं वन बीएचके प्लस एक खोली, ती खोली त्यांची. मी त्याच घरात राहते, त्यांचा सकाळचा चहा आणि रात्रीचं जेवण माझ्याकडे. माझ्याकडेही दहाची वेळ आहे. ती का आहे तेही सांगते. रात्री त्यांच्या आया मला फोन करतात आणि पोर घरात आल्याशिवाय मला झोप लागत नाही. पण एखादीला इंटर्नशिपमुळे उशीर होणार असेल तर तिने एक मेसेज टाकायचा, मी दार उघडते. दंड कसला? दार उघडण्याचे पैसे मी कधी घेतले नाहीत.

खोलीत शिरायच्या आधी मी टकटक करते. घर माझं असलं तरी त्यांचे कपडे, त्यांची वही-पुस्तकं तिथे पडलेली असतात. तुमच्याकडे जे झालं ते वाचून अंगावर काटा आला. इन्सुलिनवाल्या मुलीला सांग, जवळच्या एखाद्या मेडिकलवाल्याशी ओळख करून ठेव. अडीनडीला ते ठेवून घेतात.

एक गोष्ट मालकाच्या बाजूनेही सांगते, राग मानू नकोस. वर्षाच्या मध्ये मुलगी गेली की कॉट दोन-तीन महिने रिकामी राहते, कारण ॲडमिशनचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. तुझ्या कॉलेजातली कुणी कॉटसाठी शोधात असेल तर तिचा नंबर मालकाला दे. डिपॉझिटचं बोलणं सोपं जाईल.

वकील_ठाणे

मी ठाण्याला वकिली करते, भाड्याची प्रकरणं रोज हाताखालून जातात. आधी ‘पेइंग गेस्ट’ या शब्दाचं बघू, कारण तुझ्या केअरटेकरची सगळी भिस्त त्यावरच आहे.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्यात पेइंग गेस्टची व्याख्या दिलेली आहे, कलम ७ मध्ये. जागा देणारा ज्या घरात स्वतः राहतो, त्याच घराचा काही भाग ज्या बाहेरच्या माणसाला लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता फक्त राहायच्या परवानगीवर दिला, तो पेइंग गेस्ट. वरच्या मावशींकडच्या दोन मुली या व्याख्येत अगदी चपखल बसतात. तुझे मालक पनवेलला राहतात. मग कागदाच्या डोक्यावर काहीही छापलेलं असू दे, मालक राहत नसलेल्या घरात तू त्या व्याख्येतली पेइंग गेस्ट होत नाहीस. व्यवहार खरा कसा आहे ते कोर्ट बघतं, नुसत्या कागदाच्या शीर्षकावर ते चालत नाही. ते कदाचित ‘हे हॉस्टेल आहे’ असा पवित्रा घेतील, कारण हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यालाही कायद्याने लायसन्सीच्या व्याख्येतून वगळलंय. पण मग राहत्या सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये हॉस्टेल चालवायची परवानगी कुठे आहे, हा प्रश्न त्यांच्यावरच उलटतो. तो प्रश्न बहुतेक मालकांना आवडत नाही.

आता कलम ५५, तुझ्यासाठी सगळ्यात कामाचं. लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असलाच पाहिजे आणि नोंदवलेलाच असला पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, तुझी नाही. नोंदवलेला करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते चुकीचं आहे हे समोरच्याने सिद्ध करायचं. शिवाय नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे लॉक-इन होता हे त्यांनी दाखवायचं. ‘मागच्या बाजूला आहे’ म्हणणाऱ्याला शांतपणे सांग, मला दोन्ही पानांची, चारही बाजूंची प्रत द्या. आणि तुझ्याकडचा फोटो आत्ताच स्वतःला ईमेल करून ठेव. फोन हरवला की पुरावा गेला.

विजेबद्दल: याच कायद्याच्या कलम २९ मध्ये, योग्य कारणाशिवाय पाणी-वीज यांसारखा अत्यावश्यक पुरवठा मालकाने तोडू नये असं आहे आणि त्यासाठी शिक्षाही आहे. एक खाच आधीच सांगते, म्हणजे तू गाफील राहणार नाहीस. त्या कलमातला शब्द ‘भाडेकरू’ आहे, आणि समोरचा वकील ‘ही तर लायसन्सी’ म्हणून वाद घालेल. म्हणून सगळं ओझं त्या एका कलमावर टाकू नकोस. तुझ्या बाबतीत जास्त ताकदीची गोष्ट ही, की चौघींचं भाडं भरलेलं असताना आणि घरात आजारी मुलीचं औषध असताना फ्यूज काढला गेला. हे तारखेसकट लिहून काढा आणि सहाही जणींनी सही करा. पुन्हा असं झालं तर ११२ ला फोन करायचा. भाडं थकलं तर वसुलीचे रस्ते आहेत, त्यात मीटर रूम येत नाही.

डिपॉझिट किती घ्यावं यावर आपल्या राज्याच्या कायद्यात मर्यादा नाही. ‘दोनच महिन्यांचं घेता येतं’ असं लोक सांगतात, ते २०२१ च्या केंद्राच्या मॉडेल टेनन्सी ॲक्टमधलं आहे आणि तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. त्यामुळे भांडताना ते वाक्य वापरू नकोस, समोरच्याला माहीत असेल तर तुझं बाकीचं खरंही हलकं पडेल.

पुढची पायरी: मालकाच्या नावाने, केअरटेकरच्या नाही, साधं पत्र लिही. कधीपासून राहतेस, किती दिले, नोटीस कधी दिली, जागा कधी सोडणार, डिपॉझिट कोणत्या खात्यात हवं आणि किती दिवसांत. स्पीड पोस्टने पाठव आणि पोच जपून ठेव. वकिलाची गरज पडलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही, मदत मोफत असते. फोन १५१००.

उदगीरची_लेक

ताई, हे वाचून खूप धीर आला. सगळ्या जणींना वाचून दाखवलं. मावशी, तुमचंही पटलं. माझ्या ज्युनिअर बॅचमधली एक मुलगी जागा शोधतेय, तिचा नंबर देईन. पण आधी तिला इथलं सगळं खरं सांगणार.

अजून एक विचारायचं राहिलं. डिपॉझिट मी केअरटेकरने दिलेल्या यूपीआय नंबरवर भरलं, तो नंबर त्याच्या बायकोच्या नावावर आहे. पावती मागितली तर ‘ऑनलाइन आहे ना, मग पावती कशाला’ म्हणाला. मालक हात वर करू शकतात का?

आणि साडेनऊच्या कडीचं काय? मागच्या पावसाळ्यात हार्बरच्या गाड्या खोळंबल्या तेव्हा मी दहा वाजून पाच मिनिटांनी पोचले. बेल वाजवली. आतल्या मुलींना दार उघडू नका असं फोनवर बजावलेलं होतं. साडेअकरापर्यंत जिन्यात बसले होते. वॉचमन काकांनी स्वतःची खुर्ची वर आणून दिली.

वकील_ठाणे

यूपीआयचा व्यवहार, त्यानंतर लगेच तुला मिळालेली चावी, आणि दर महिन्याचं भाडंही त्याच नंबरवर जात असेल तर ते, एवढं एकत्र ठेवलं की मालकाला हात झटकणं जड जाईल. पत्रात मालकाला स्पष्ट लिही, ‘आपल्या वतीने अमुक नंबरवर इतकी रक्कम घेतली गेली.’ त्यांनी नाकारलं नाही तर तेही उपयोगी पडतं.

कडीबद्दल: वेळेचा नियम मान्य करून कुणी सही केली असेल तर नियम मोडल्याबद्दल मालक तुला बोलू शकतो, करार संपवायची रीतसर नोटीस देऊ शकतो. पण भाडं भरलेल्या मुलीला रात्री तिच्याच जागेत जाऊ न देणं ही वेगळी गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेत कलम १२६ खाली कुणाचा जाण्याचा रस्ता अडवणं हा गुन्हा आहे. उलट, मुलींना आत ठेवून बाहेरून कुलूप लावत असतील तर ते त्याहून वाईट, ते कलम १२७. शिवाय आग लागली तर काय, याचा विचार कर. असं कुठे होत असेल तर त्या दिवशीच पोलिसांना सांगा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१३ च्या ‘सक्षम’ अहवालातही म्हटलंय की सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलवर मुलांपेक्षा वेगळी बंधनं लादू नयेत. तो कॉलेजांसाठी आहे, खाजगी फ्लॅटला थेट लागू नाही. पण तू आता कॉलेजच्या हॉस्टेलवर चालली आहेस, तिथल्या रेक्टरशी बोलताना लक्षात असू दे.

कोपरखैरणे_सेक्रेटरी

मी आमच्या सोसायटीचा सहा वर्षं सेक्रेटरी होतो. आमच्याकडे अशी मुलामुलींना दिलेली बरीच घरं आहेत. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, मीटर रूम. ती सोसायटीची सामायिक जागा आहे आणि मीटर महावितरणचा. केअरटेकर तिथे जाऊन फ्यूज काढतो याचा अर्थ चावी वाटेल त्याच्या हातात आहे. तुमच्या कमिटीला लेखी अर्ज द्या, मीटर रूमची चावी फक्त वॉचमनकडे आणि रजिस्टरमध्ये सही करूनच मिळावी. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून असले प्रकार थांबले. कमिटीला तुमच्याबद्दल आपुलकी असो वा नसो, मीटर रूममध्ये कुणी अनोळखी शिरून आग लागली तर जबाबदारी आपल्यावर येईल, हे त्यांना लगेच कळतं.

दुसरी, कमिटीला विचारा, या घराचा करार आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत मालकाने सोसायटीत जमा केली आहे का. राहायला आलेल्यांची माहिती पोलीस ठाण्याला देणं मालकाचं काम. ते ऑनलाइनही होतं. सहा मुली राहतात आणि कुठेच नोंद नाही, हे तुमच्यासाठीही चांगलं नाही. उद्या काही झालं तर तुम्ही इथे राहत होता हेच सिद्ध करत बसाल. परभणीच्या मुलीला स्वाधारसाठी राहण्याचा पुरावा लागतच असेल, तिला तर नोंदवलेला करार दुप्पट गरजेचा.

मालक ‘नोंदणीचा खर्च’ म्हणून टाळत असतील तर हिशोब दाखवा. सहा जणींचे महिन्याला ५१,०००, अकरा महिन्यांचे ५,६१,०००. त्यावर स्टॅम्प ड्युटी पाव टक्का म्हणजे १,४०० च्या आसपास, डिपॉझिटमुळे त्यात थोडी भर, आणि नोंदणी फी १,०००. एजंटचे वेगळे धरले तरी एका कॉटच्या महिन्याच्या भाड्यात सगळं बसतं.

खारघर_ते_कुर्ला

मी दोन वर्षं खारघरला खऱ्याखुऱ्या हॉस्टेलमध्ये राहिले, म्हणजे पूर्ण इमारत हॉस्टेलचीच, मेससकट. सोडताना त्यांनी रंगकाम, गादी धुणे, ‘मेंटेनन्स’ असं करत १५,००० पैकी ११,००० कापले. वर बिलात १८ टक्के जीएसटी. मला कुणीतरी सांगितलं की १५ जुलै २०२४ पासून महिन्याला माणशी २०,००० पर्यंतच्या आणि सलग ९० दिवस तरी राहिलेल्यांच्या निवासावर जीएसटी माफ आहे. मी ते लिहून विचारलं, तर जीएसटी दुसऱ्या दिवशी परत आला.

डिपॉझिटसाठी मात्र १९१५ ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ या शब्दात राहण्या-जेवणाची सोय स्पष्ट धरलेली आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेला असेल तर फी नाही, आणि वकील नसला तरी स्वतः बाजू मांडता येते. मला तिथवर जावं लागलं नाही, हॉस्टेलने ९,००० परत केले. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करायची असते.

आणि एक कर. खोली सोडायच्या दिवशी व्हिडिओ काढ. कॉट, गादी, कपाट, भिंत, बाथरूमचा नळ, दिवे लावून-बंद करून. मी काढला नव्हता, त्या गादीच्या डागाचे १,२०० मी भरले आणि तो डाग माझ्या आधीपासून होता.

उदगीरची_लेक

सगळ्यांना कळवायचं म्हणून लिहितेय.

पत्र मालकांना पनवेलच्या पत्त्यावर पोचलं त्याच संध्याकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला. फ्यूज काढल्याचं त्यांना माहीतच नव्हतं म्हणाले. खरं-खोटं मला माहीत नाही. मी फक्त इन्सुलिनच्या डब्याचं सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारलं, ती मुलगी आता बरी आहे ना.

मी १२ जानेवारीला जागा सोडली. व्हिडिओ काढला, नळासकट. डिपॉझिटमधून माझ्या वाट्याचं शेवटचं वीजबिल ६४० रुपये कापून १९,३६० आले, मालकांच्या खात्यातून. बाबांना तेव्हाच सगळं सांगितलं. ते आधी रागावले, मग म्हणाले, ते पत्र मलाही वाचायला पाठव.

केअरटेकरकडची चावी काढून घेतली आहे. कडी साडेदहाला गेली आहे आणि उशीर होणार असेल तर ग्रुपवर मेसेज टाकायचा. माझ्या कॉटवर ज्युनिअर आली, तिला फ्रिजवरचा कागद आधी वाचायला दिला होता.

राहिलेल्या पाच जणी आणि ती, अशा सहा जणींचा करार मालक नोंदवून देणार आहेत. शनिवारी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन नेरूळला येतोय. वकील ताई, मसुदा आजच आलाय. त्यात ‘पाहणीसाठी चोवीस तास आधी कळवावे’ हे घातलंय, पण वीज-पाण्याबद्दल एक ओळही नाही. ते वाक्य नेमकं कसं लिहून घ्यायचं, शुक्रवारपर्यंत सांगाल का?